तरुण मंडळ आलं कुठून? पुण्यातल्या मंडळांची थोडी पार्श्वभूमी

दरवर्षी भाद्रपद जवळ आला की मंडळांवरून वाद सुरू होतात. वर्गणी, मांडवानं अडवलेला रस्ता, स्पीकरच्या भिंती, सगळं दरवर्षीचंच. पण भांडणारे दोन्हीकडचे लोक एक गोष्ट धरूनच चालतात, की मंडळ म्हणजे गणपती, गणपती बसवायला चार पोरं एकत्र आली की झालं मंडळ. पुण्यात हे उलट घडलंय. इथं पोरं आधीपासून जमत होती, त्यांना बसायला जागा होती, वर वस्ताद होता, पहाटे उठायची शिस्त होती, आणि गणपती त्या जागेत नंतर येऊन बसला. हे डोक्यात ठेवून मंडळांकडे बघितलं ना तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मानाचे पाच गणपती घ्या. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. पहिले दोन ग्रामदैवतांचे, चौथा बाजारातला, पाचवा वाड्यातला. आणि मधला तिसरा चक्क तालमीचा. गुरुजी तालमीचा उत्सव १८८७ पासूनचा सांगतात, म्हणजे लोकमान्यांनी सार्वजनिक उत्सव उचलून धरला त्याच्याही आधीचा, आणि तो सुरू करणाऱ्यांत भिकू शिंदे आणि उस्ताद नालबन अशी एक हिंदू आणि एक मुसलमान घरातली नावं घेतली जातात. तालमीत एकाच मातीत लोळणाऱ्यांनी एकत्र गणपती बसवला यात त्या वेळी कुणाला काही विशेष वाटलं नसणार. आज मात्र ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते.

तर सुरुवात तालमीपासून. पेशवाईत पुण्यात आखाडे होतेच, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा चांगले दिवस आणले हे बहुतेकांना माहीत असतं. पण मंडळाचा जो खरा पूर्वज आहे, म्हणजे पेठेतल्या साध्या घरातल्या पोरांची तालीम, त्यासाठी गंज पेठेत यायला पाहिजे. लहुजी वस्ताद साळवे यांनी १८२२ च्या सुमाराला तिथं तालीम काढली असं सांगितलं जातं. पेशवाई जाऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. दांडपट्टा, तलवार, निशाणबाजी, कुस्ती, सगळं शिकवायचे. तरुणपणी जोतिराव फुले या लहुजींकडे शिकले, पुढं वासुदेव बळवंत फडकेही शिकले. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी शाळा काढल्या तेव्हा अस्पृश्य वस्त्यांतनं मुलं गोळा करून शाळेत आणायला आणि त्रास देणाऱ्यांपुढं उभं राहायला लहुजी होते, त्यांच्या तालमीतली माणसं होती. म्हणजे शरीर कमवायचं ते कशासाठी याचं उत्तर पुण्यात तेव्हाच दिलं गेलं होतं. मंडळांच्या अहवालात 'सामाजिक उपक्रम' असं वेगळं पान असतं, त्या पानाचा पहिला मजकूर खरं तर गंज पेठेत लिहिला गेलाय.

तालीम म्हणजे काय हे ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एक बसकी लांबट खोली, दार मुद्दाम ठेंगणं, आत शिरताना मान वाकवावी लागते. मध्ये लाल मातीचा हौद, ती माती चाळून घेतलेली, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली, कारण कातडीला लागलं तर पिकू नये आणि पडलं तर हाड वाचावं. कोपऱ्यात मारुती, शेंदूर लावलेला. भिंतीला टेकवून मुद्गल आणि जोडी, वर खुंट्यांना लंगोट. माती खणायचं काम पोरांचंच, रोज फावड्यानं खणायची, म्हणजे व्यायामही होतो आणि कालची दबलेली माती मोकळी होते. इथं पैसा जवळपास नव्हता, वस्तादाला गुरुपौर्णिमेला नारळ टॉवेल, खर्चाला पेठेतले व्यापारी. वर्गणी ही गोष्ट इथूनच आलीय, घरटी काहीतरी द्यायचं कारण आपल्या आळीची पोरं तिथं घडतात.

अशा तालमी पेठापेठांत होत्या. कित्येक ठिकाणी आता माती राहिली नाही पण नाव राहिलंय, निंबाळकर तालीम, खालकर तालीम, जगोबादादा वस्ताद तालीम, गोकुळ वस्ताद तालीम, नगरकर तालीम. पत्ता सांगताना आपण आजही म्हणतो 'तालमीपासून डावीकडे', बघायला गेलं तर तिथं दुकान असतं. चिंचेची तालीम तर सगळ्यांनाच माहीत आहे.

आता गणपती. १८९२ साली भाऊसाहेब रंगारी, म्हणजे भाऊ लक्ष्मण जावळे, यांनी आपल्या वाड्यात सार्वजनिक गणपती बसवला, राक्षसाला मारणारा गणपती, आणि तीच मूर्ती आजही त्या मंडळाकडे आहे. ते वैद्य होते, घराचा धंदा शालू रंगवण्याचा म्हणून रंगारी. लोकमान्यांनी केसरीतून या उत्सवाचं कौतुक केलं, १८९४ साली स्वतः विंचूरकर वाड्यात गणपती बसवला आणि वर्षा-दोन वर्षांत हा उत्सव पुण्याबाहेरही गेला. पहिला कुणी सुरू केला यावर पुण्यात अजून वाद आहे, २०१७ साली महापालिकेनं १२५ वं वर्ष साजरं केलं तेव्हा तो पुन्हा उफाळला होता. मला विचाराल तर या वादात एक प्रश्न कुणीच विचारत नाही, की एवढ्या झटपट हे पसरलं कसं? मांडव घालायला, मूर्ती आणायला, रात्र रात्र जागायला, मिरवणुकीत गर्दी आवरायला माणसं कुठून आली? ती तयार होती. तालमींत, आळ्यांत, आधीपासून. टिळकांचं मोठेपण हे की त्यांनी ती ताकद ओळखली आणि तिला एक कारण दिलं.

त्यानंतर आले मेळे. मेळा म्हणजे एकसारखे कपडे घालून पदं म्हणणाऱ्या, लेझीम खेळणाऱ्या पोरांचं पथक, महिना-दीड महिना आधीपासून तालमी चालायच्या (बघा, गाण्याच्या सरावालाही आपण तालीमच म्हणतो), आणि दहा दिवस ते गणपती गणपती फिरत पदं म्हणायचे. पदांत देव असायचा तसं सरकारही असायचं. १८९७ मध्ये प्लेगच्या वेळी सोल्जर घरात शिरून तपासण्या करत होते त्याचा संताप सगळ्या गावात होता, २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, आणि चापेकर बंधूंनी आधी पोरं जमवून व्यायाम कवायतीचा क्लब चालवला होता हेही उघड झालं. त्यापुढं चार पोरं एकत्र व्यायाम करतायत म्हटलं की सरकारी कपाळावर आठी. १९०८ ला टिळकांना मंडालेची शिक्षा झाली आणि १९१० च्या सुमाराला मेळ्यांवरची बंधनं एवढी आवळली की राजकीय पदं म्हणणारे मेळे बंदच पडले.

मेळ्यांची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. विसाच्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीत केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी छत्रपती मेळा काढला. समोर सन्मित्र समाजाचा मेळा. दोन्ही बाजूंची पदं जहाल, वैयक्तिक पातळीवर उतरणारी, रस्त्यावर राडे झाले. आज काही लोक म्हणतात की पूर्वी मंडळं किती सोज्वळ होती, तसं काही नव्हतं. पेठांमधले जातीचे तंटे त्या दहा दिवसांत रस्त्यावर यायचे. पण हेही खरं की ज्या पोरांना सभेत कुणी उभं केलं नसतं त्यांना मेळ्यानं स्टेज दिलं, आवाज दिला, आणि जेध्यांसारखा माणूस तिथून पुढं थेट काँग्रेसच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या राजकारणात मोठा झाला.

याच काळात पांढरपेशांच्या बाजूनं क्लब उभे राहत होते. पूना यंग क्रिकेटर्स, म्हणजे आपलं पीवायसी, १९०० चं. नावातच यंग आहे. डेक्कन जिमखाना १९०६ चा, खो-खोचे पहिले लेखी नियम तिथं झाले, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातनं खेळाडू पाठवायची खटपटही तिथल्या स्पर्धांतूनच, दोराबजी टाटांच्या पुढाकारानं सुरू झाली. टिळक रोडवरचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी काढलेलं. या संस्थांनी तालमीतला व्यायाम उचलून त्याला मैदान, वेळापत्रक, फी आणि रजिस्टर दिलं. फार मोठं काम आहे ते.

पण क्लब म्हटलं की आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न येतोच. क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांची गोष्ट त्यासाठी माहीत असायला पाहिजे. चांभार समाजातले, पूना क्लबात साहेब लोकांची पिच राखायला नोकरीला, जे. जी. ग्रेगना नेटमध्ये तासन्‌तास बॉलिंग टाकून टाकून एवढे तयार झाले की पूना हिंदू क्लबला त्यांना टीममध्ये घ्यावंच लागलं. मैदानात ते सगळ्यांच्या बरोबर, विकेट तेच काढणार. आणि चहाच्या वेळी त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात, जे नंतर फेकून द्यायचं. त्यांनी मॅच जिंकून दिली तरी चहा बाहेरच. पुण्यातल्या तरुणांच्या संघटनांचा इतिहास लिहिताना हे भांडं वगळून चालणार नाही, कारण पुढं साने गुरुजींना मानणारी जी पोरं राष्ट्र सेवा दलात जमली त्यांचं पहिलं भांडण याच भांड्याशी होतं.

राष्ट्र सेवा दल ४ जून १९४१ ला पुण्यातच सुरू झालं, एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख. संध्याकाळची शाखा, खेळ, कवायत, गाणी, सहभोजनं, श्रमदान. मुलगे मुली दोन्ही. हे त्या काळातल्या आळीच्या मंडळांत नव्हतंच. आणि कलापथक! सेवा दलाच्या कलापथकानं गावोगाव लोकनाट्यं नेली, खडकमाळ आळीत वाढलेले निळू फुले, त्यांच्याबरोबर राम नगरकर, ही माणसं तिथं घडली. मेळ्यांनी जे स्टेज तयार केलं होतं त्यावर नवा विचार आला असं मी याकडे बघतो. सेवा दलात घडलेले कार्यकर्ते नंतर आपापल्या पेठेतल्या मंडळांतही गेले, म्हणून काही मंडळांत व्याख्यानमाला, वाचनालय, रक्तदान हे सगळं एवढं मुरलेलं दिसतं.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी एकाच वर्षी झाल्या. १९५० मध्ये पुण्याची महापालिका झाली आणि त्याच वर्षी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. पहिलीमुळं मंडळाच्या अध्यक्षाला नगरसेवक व्हायचा रस्ता मिळाला, दुसऱ्यामुळं मंडळाला कागद मिळाला. हा कागदाचा भाग कंटाळवाणा वाटेल पण इथंच मंडळं टिकतात नाहीतर बुडतात. नोंदणी करायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात, घटना आणि नियमावली लागते, अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार ठरवावे लागतात, मग धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंद होते, दरवर्षी हिशेब तपासून द्यायचे. आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. कलम २२. हा बदल अर्ज पुण्यातल्या किती मंडळांनी वेळेत दिलाय ते त्यांनाच विचारा, कागदावर अजून तिसऱ्या पिढीआधीचे विश्वस्त असतात, त्यातले निम्मे देवाघरी, आणि मग मंडळाच्या नावावर असलेली खोली बिल्डर मागायला आला की सही कुणाची हा प्रश्न उभा राहतो. अनेक चांगली मंडळं भांडणानं नाही मोडली, या एका अर्जापायी अडकलीत. ज्यांची नोंदणीच नाही त्यांनासुद्धा उत्सवापुरती वर्गणी गोळा करायला कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, तो अर्ज आता ऑनलाइन होतो, कुणीही आडकाठी करत नाही, तरी टाळतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण हिशेब चोख ठेवणं ही मंडळांची जुनी परंपरा आहे, उत्सव झाला की जमाखर्च फळ्यावर लागायचा, दोन रुपये दिलेल्या आजीचं नावही त्यात असायचं.

मग १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. शनिवार, नारायण, कसबा, डेक्कन. वाडे बसले, आणि वाड्यांबरोबर वाड्यातल्या तळमजल्याच्या खोल्या, म्हणजे मंडळांच्या बैठकी. लोकांना काढायला, गाळ उपसायला, जेवण पोचवायला पहिले धावले ते आळीतलेच, तालमीतलेच. पण पुराचा जास्त दूरचा परिणाम वेगळा आहे. घरं गेलेली कुटुंबं पेठांतनं उठून गोखलेनगर, सहकारनगर, पर्वती दर्शन अशा नव्या वसाहतींत गेली, निसेन हट म्हणजे ती पत्र्याची अर्धगोल घरं, शेजारी कोण ते माहीत नाही, देऊळ नाही, पार नाही, तालीम नाही. तिथं माणसांना एकत्र आणायला जे पहिलं उभं राहिलं ते मंडळ. वसाहतीत आल्या आल्या काही वर्षांत गणपती बसला, क्रिकेटची टीम झाली, कबड्डीचं मैदान आखलं गेलं. म्हणजे जुन्या पेठेत तालमीतून मंडळ झालं आणि नव्या वसाहतीत मंडळातून मैदान झालं. पुणं पसरलं तशी मंडळं पसरली ती या दुसऱ्या पद्धतीनं.

'तरुण मंडळ' हे नावही याच काळात सगळीकडे दिसायला लागतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण दगडूशेठचं. प्लेगमध्ये मुलगा गेलेल्या दगडूशेठ हलवायांचा तो गणपती, पण पन्नाशीच्या दशकात जुनी मंडळी राहिली नाहीत तेव्हा उत्सवाची जबाबदारी घेतली ती सुवर्णयुग तरुण मंडळाच्या पोरांनी, तात्यासाहेब गोडसे आणि त्यांचे मित्र. त्यांनी नुसता उत्सव नाही चालवला, पुढं सहकारी बँक काढली, ट्रस्ट वाढवला, ससूनमध्ये पेशंटांच्या जेवणापर्यंत काम नेलं. आज देशभरचे लोक दर्शनाला येतात, पण या सगळ्याच्या मुळाशी आळीतलं एक तरुण मंडळ आहे.

ढोल-ताशा पथकं त्यामानानं नवी. ज्ञान प्रबोधिनीच्या आप्पा पेंडशांनी शाळेतल्या मुलांचं बरची ढोलाचं पथक मिरवणुकीत उतरवलं, मग बाकीच्या शाळा, मग खासगी पथकं. माझ्या मते पथकांनी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट आवाज नाही, मुली. आळीच्या मंडळाच्या कट्ट्यावर मुलगी बसलेली कुणी बघितली होती का? पथकात ती ढोल बांधून लक्ष्मी रोडवर आली आणि कुणाला विचारत बसली नाही. कार्यकारिणीत मात्र अजून 'महिला आघाडी' म्हणून वेगळं काढून ठेवतात, खजिनदार म्हणून मुलगी फार कमी दिसते, हे बदलायला हवं आणि लवकर.

आता मंडळाची एक वस्तू बघा, चौकातला वार्ताफलक. काळा फळा, वर पत्र्याचं छोटं छप्पर, बाजूला तिरकं लाकडी स्टँड ज्याच्यावर पेपर दांड्यांखाली अडकवलेले. सकाळी सातला मंडळाचं कुणीतरी येऊन कालचे काढतं, आजचे लावतं, मग रिटायर माणसं उभ्यानं वाचत असतात, पानाच्या दोन्ही बाजूंना दोघं, एकाचं वाचून झाल्याशिवाय पान उलटत नाहीत. फळ्यावर सुवाच्य अक्षरात कुणाचं निधन, कुणाचं दहावीचं यश, रक्तगट हवा असल्याचं. हे काम वर्षाचे ३५५ दिवस चालतं, त्याचा फोटो पेपरात येत नाही, त्याला प्रायोजक मिळत नाही. २०२० ला कोरोनामुळं मिरवणुका बंद होत्या, मांडवातच विसर्जन झालं, तेव्हा या ३५५ दिवसांच्या ओळखीच कामाला आल्या, कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कुणाचा डबा बंद पडलाय, हे मंडळाच्या पोरांना माहीत होतं म्हणून डबे आणि औषधं पोचली.

२०२५ मध्ये सरकारनं गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, चांगलं झालं, पण तो उत्सवाला दिला, मंडळाला नाही. मंडळाची खरी अडचण जागेची आहे. पेठांतले वाडे पाडून इमारती होतायत, करारात पार्किंग असतं, लिफ्ट असते, मंडळाची खोली बहुतेक वेळा तोंडी आश्वासनावर राहते, आणि सोसायटी झाली की नवीन रहिवासी विचारतात हे कोण? त्यांचंही चूक नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून मंडळात असाल तर हे काम यंदाच करा. धर्मादाय कार्यालयात तुमच्या मंडळाच्या परिशिष्ट एकची नक्कल मिळते, अर्ज करून फी भरून. त्यात नोंदणीची तारीख, पहिल्या विश्वस्तांची नावं आणि नोंदवलेला पत्ता असतो. ती काढा, बदल अर्ज कुठल्या सालापर्यंत मंजूर आहेत ते बघा, राहिलेले भरा, उशीर झाला असेल तर उशीर माफीचा अर्ज जोडून. जुन्या स्मरणिका, पावतीपुस्तकं, मेळ्यांच्या पदांच्या वह्या कुणाच्या माळ्यावर असतील तर मोबाइलवर का होईना स्कॅन करून घ्या. वाडा पाडायच्या आधी.